येतो म्हणून गेलेला

१

वाईट सिनेमा शेवटपर्यंत बघण्याचा पगार जगात फार थोड्या माणसांना मिळतो. त्यांतली ती एक. तिची कंपनी सिनेमांच्या डीव्हीडी काढायची, आणि कुठलीही डीव्हीडी बाजारात जाण्याआधी तिची एक प्रत हिच्याकडे यायची. काचेचं दार असलेल्या छोट्या खोलीत, हेडफोन लावून, पहिल्या पाटीपासून शेवटच्या नावापर्यंत सगळं बघायचं आणि सगळं ऐकायचं. कुठे चित्र अडखळतंय का, आवाज ओठांच्या मागे पडतोय का, मध्येच खरखर येतेय का. ऑफिसात तिला सगळे 'कानसेन' म्हणायचे. शेजारच्या खोलीतला पंखा कुरकुरायला लागला की पंख्याखाली बसलेल्याच्या आधी हिला कळायचं, मग दुसरं काय म्हणणार?

त्या आठवड्यात तिच्या टेबलावर आला तो हेराचा सिनेमा. गाजावाजा एवढा झाला होता की विचारू नका, आणि थिएटरात मात्र दुसऱ्या आठवड्यात चिटपाखरू नव्हतं. हेर हेलिकॉप्टरमधून उडी मारतो, नदीत पडतो, बाहेर येतो, आणि केसांचा भांग जसाच्या तसा. खलनायक त्याला खुर्चीला बांधतो आणि आपला सगळा बेत इत्थंभूत सांगत बसतो, जणू घरी त्याचं कुणी ऐकून घेत नाही. नाव मोठं, लक्षण खोटं. सगळ्यात कहर म्हणजे शेवट. सगळी मारामारी आटोपून हेर आपल्या आईच्या घरी येतो, एक लांबलचक जिना चढतो, दारापुढे उभा राहतो, आणि दार उघडायच्या आत सिनेमा संपतो. लोक म्हणाले, तिकिटाचे पैसे घेतलेत तर दार तरी उघडा. आता निर्मात्याची सगळी भिस्त डीव्हीडीवर होती. थिएटरात पडलेला सिनेमा घरात उभा राहील, असं तिचे साहेब ज्याला त्याला सांगत फिरत होते.

तिला मात्र या सिनेमाची धास्ती होती, ती वेगळ्याच कारणाने. यातली पावलं तिच्या नवऱ्याची होती.

हे नीट सांगायला हवं. सिनेमात माणसं चालतात, ते चालणं शूटिंगच्या वेळी धड टिपलं जात नाही. म्हणून मागाहून स्टुडिओत एक माणूस पडद्याकडे बघत बघत खडीवर, फरशीवर, लाकडाच्या फळीवर पाय वाजवतो. जाड बूट घालून पहारेकरी व्हायचं, उंच टाचांची सँडल घालून नायिका व्हायचं. तिचा नवरा हेच काम करायचा. चांगला थोराड, पोट सुटलेला गडी, पण नायिकेच्या टाचा अशा वाजवायचा की ऐकणाऱ्याने मान वळवून बघावं. त्याचे पाय लागले की सिनेमा चालतो अशी एक समजूत होती, म्हणून स्टुडिओत त्याचं नाव पडलं 'पायगुण'. कानसेन आणि पायगुण. मधलं शरीर कुठून आणणार, अशी थट्टा मित्रांनी लग्नात केली होती, आणि तो सगळ्यांत मोठ्याने हसला होता.

हेराचा सिनेमा हा त्याचा शेवटचा. नायक, नायिका, खलनायक, पहारेकरी, सगळ्यांची पावलं वाजवून झाली होती. राहिला होता तो फक्त शेवटचा जिना. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो स्टुडिओतल्या खुर्चीवर टेकला, तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. जिना तसाच राहिला. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून दिग्दर्शकाने त्या दृश्यावर नुसतं संगीत पसरलं. पुढे सिनेमा पडला तेव्हा स्टुडिओत कुणीतरी म्हणालं, या वेळी पायगुण नडला. ते तिच्या कानावर आलं. तिच्या कानावर सगळंच यायचं.

२

सिनेमा बघायला ती बसली खरी, पण तिचं लक्ष गोष्टीत नव्हतंच. हेर गच्चीवरून पळतो, तो तिचा नवरा. नायिका फरशीवरून तावातावाने निघून जाते, तीही तोच. खलनायक येरझाऱ्या घालतो, आणि त्या येरझाऱ्या तर तिच्या अगदी ओळखीच्या होत्या. कुणाच्या फोनची वाट बघायची असली की तो घरात अशाच घालायचा. मध्येच तिला हसू फुटलं, मग रडू आलं. मग डोळे पुसून ती स्वतःलाच म्हणाली, बाई, कामाला लाग.

शेवटचा जिना आला. संगीत सुरू झालं. तिने खुर्चीला पाठ टेकली, कारण इथे तो नव्हता. आणि संगीताच्या खालून पावलं वाजली.

जाड बूट होते. पडद्यावरचा हेर तरातरा जिना चढत होता, आणि ही पावलं त्याच्या पायांशी अजिबात जुळत नव्हती. ती सावकाश येत होती, पायरीवर पायरी, मध्ये दम खात. अशी चूक नवशिकाही करणार नाही. पावलं थोडी वर आली, एक बारीकसा 'टक' वाजला, आणि थांबली. हेर दारापुढे पोचला. सिनेमा संपला.

तिने हेडफोन काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तेवढा भाग पुन्हा ऐकला. बूट, दम, टक. तो 'टक' तिला ठाऊक होता. तिच्या इमारतीच्या जिन्यावर पहिल्या वळणाला एक फरशी सुटलेली होती. किती वर्षं सगळे म्हणत होते, बसवून घेऊ, बसवून घेऊ. पाय पडला की ती अशीच बोलायची, आणि घरात बसल्या बसल्या तिला कळायचं की कोण आलं. पडद्यावर तर गुळगुळीत संगमरवरी जिना होता. तिथे सुटी फरशी कुठून येणार?

ती तडक वरच्या मजल्यावर मिक्सिंगवाल्या काकांकडे गेली. डीव्हीडीसाठी आवाजाची जुळणी त्यांनीच केली होती. म्हातारा माणूस, पण कामाला चोख. त्यांनी तो भाग लावला, डोळे मिटून ऐकला आणि मान हलवली. संगीत सोडून काही नव्हतं, त्यांच्या मते. मग पडद्यावर आवाजाच्या रेघा उघडून दाखवल्या. संगीताची रेघ वरखाली होत होती. तिच्या खाली पावलांसाठी ठेवलेली रेघ सरळसोट पडून होती. "बघ पोरी, इथं काही नाहीच," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून तिने चार दिवस सुट्टी का घेऊ नये, असं त्यांनी फार मायेने विचारलं.

तिलाही ते पटलं. दिवसभर ऐकणाऱ्या माणसाला नसलेलंही ऐकू येणार, त्यात नवल काय? मनी वसे ते स्वप्नी दिसे, तसं तिच्या कानी वाजत असेल. पण काकांनी त्या सरळ रेघेवर बोट ठेवलं होतं तेव्हाही स्पीकरमधून बूट वाजतच होते, आणि काकांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नव्हती. ते तिला काही केल्या विसरता येईना. साहेबांना तिने सांगितलं, मला हा सिनेमा अजून एकदा ऐकायचाय. ते म्हणाले, ऐक, पण लोक विसरायच्या आत बाजारात आणायचाय. लोक कधीच विसरले होते.

३

घर तिसऱ्या मजल्यावर. घरात आता ती आणि सासूबाई, एवढ्या दोघीच. दार ढकलून ती आत आली. ढकलून म्हणायचं कारण, या दाराला तो गेल्यापासून आतून कडी लागली नव्हती. दाराशेजारी एक लाकडी खुर्ची होती आणि त्या खुर्चीत सासूबाई.

त्यांचे गुडघे गेलेले, कानही गेलेले. अगदी शेजारी खणखणीत वाजलं तरच ऐकू यायचं. पूर्वी ती कडी रोज त्याच लावायच्या, 'खाड' असा आवाज झाला की म्हणायच्या, आता घर मिटलं. पण आता कडीचं नाव काढलं की एकच उत्तर असायचं. "तो येतो म्हणून गेलाय. जातो म्हणाला नाही."

त्यामागे एक सकाळ होती. घाईत होता तो, बॅग खांद्याला, चपला पायात सरकवत म्हणाला, जातो गं आई, आणि निघालाही. आता घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणतं का कुणी? लहान पोरालाही कळतं. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, की जातो काय म्हणतोस, येतो म्हण. तो खालच्या दारापर्यंत पोचला होता. दुसरा कुणी असता तर तिथूनच हात हलवून गेला असता. हा तिन्ही मजले चढून वर आला, धापा टाकत दारात उभा राहिला, आईला हात जोडले, म्हणाला, "येतो. येतो. येतो. झालं समाधान?" तिघंही हसली. आणि तो पुन्हा खाली गेला.

दुपारी फोन आला. संध्याकाळी गाडीतून त्याला आणलं, पण जिना अरुंद, तिसरा मजला, लोक म्हणाले, वर नको, खालूनच नेऊ. मग सासूबाईंनाच या खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेलं, मुलाचं तोंड दाखवलं आणि परत वर आणलं. तो काही वर आला नाही. तेव्हापासून खुर्ची दाराशीच राहिली, आणि सासूबाईही.

स्टुडिओतून त्याची बॅग आली होती, त्यात चपला होत्या. त्याची एक रीत होती. कुठल्याही सिनेमात माणूस घरी परततो ते दृश्य असलं की तो स्टुडिओतले बूट घालायचा नाही, स्वतःच्या चपला घालायचा. घरी जाणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं पायताण कशाला, म्हणायचा. शेवटच्या जिन्यासाठी त्याने त्या काढून ठेवल्या होत्या. आता त्या दाराजवळच्या लाकडी घोडीवर होत्या, आणि सासूबाई रोज त्यांवरची धूळ पदराने पुसायच्या.

तिला सासूबाईंची फार काळजी वाटायची. त्यांचं जेवण घासभरावर आलं होतं, झोप खुर्चीतच व्हायची, हात काडीसारखे झाले होते. नवरा गेला तो गेला, पण या खुर्चीने आता यांनाही न्यावं, हे तिला सोसवणारं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी ज्या बाईने तिच्या ताटातली नावडती भाजी गुपचूप स्वतःच्या ताटात ओढून घेतली होती, ती ही बाई होती.

४

दुसऱ्या दिवशी तिने सिनेमा पुन्हा ऐकला. बूट वाजले, टक वाजला. आणि आज पावलं तिथे थांबली नाहीत. जरा वेळ नुसतंच संगीत होतं, त्याखाली काहीतरी खसखसलं, नाडी सोडल्यासारखं. मग पुढच्या पायऱ्यांवर उंच टाचा वाजू लागल्या.

नायिकेच्या त्याच टाचा, पण आज त्यांत ऐट नव्हती. त्या दमल्या होत्या, चाचपडत होत्या, एका पायरीवर तर लडखडल्या. ऐकताना तिला वाटलं की हा माणूस आयुष्यभर ज्यांच्या ज्यांच्या वतीने चालला, त्या सगळ्यांची पावलं अंगावर घेऊन निघालाय, आणि एकेक उतरवत वर येतोय. दुसऱ्या मजल्यापर्यंत टाचा आल्या आणि सिनेमा संपला.

आता ती पेचात पडली. आवाजात दोष आहे असं तिने सांगितलं असतं, तर तिच्या शब्दाखातर काकांनी तो भाग पुसून नवं संगीत चढवलं असतं. मग ही पावलंही पुसली गेली असती, आणि त्याचं स्वतःचं म्हणून एवढंच काय ते चालणं उरलं होतं. नाही सांगितलं, तर तो येतच राहणार. आणि तो तिसऱ्या मजल्यावर पोचला की काय, हा प्रश्न तिने मनात पूर्णही होऊ दिला नाही. तिला तो हवा होता. तिला त्याची भीतीही वाटत होती. नवऱ्याची भीती वाटते याची तिला लाज वाटत होती.

घरी सासूबाईंनी विचारलं की त्याचा शेवटचा सिनेमा तुझ्याकडे आलाय म्हणे, मला दाखवशील का. शेजारणीने सांगितलं होतं. थिएटरात त्यांना नेता आलं नव्हतंच. तपासणीची प्रत ऑफिसबाहेर न्यायची नाही, हा कंपनीचा पहिला नियम. तिने तो मोडला. खरं सांगायचं तर तिला एकटीने तो जिना तिसऱ्यांदा ऐकायचा नव्हता, मग सोबतीला बहिरं माणूस का असेना.

५

रविवारची दुपार होती. जेवणं आटोपून इमारत डुलकी घेत होती. तिने सासूबाईंची खुर्ची टीव्हीपुढे वळवली, तेवढ्यापुरती, आणि डीव्हीडी लावली.

सासूबाईंना सिनेमा आवडला नाही. खलनायक बेत सांगू लागला तेव्हा म्हणाल्या, हा मेला कामधंदा सोडून किती बोलतो. पण कुणी चालायला लागलं की विचारायच्या, हा तोच का? ती मान हलवायची. नायिकेलाही मान हलवली तेव्हा सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. कितीतरी महिन्यांनी त्या हसल्या होत्या. तिला वाटलं, आणली ते बरंच केलं.

शेवटचा जिना आला. सासूबाई ताठ बसल्या. शेजारी ढोल बडवला तरी ज्यांना दोनदा विचारावं लागायचं, त्यांनी हात वर करून तिला गप्प राहायला सांगितलं.

"आला गं," त्या म्हणाल्या.

हेर दारापुढे पोचला. सिनेमा संपला, नावं सरकू लागली. त्या नावांत अगदी खाली त्याचंही होतं, पण तिथवर थांबतं कोण? तिने रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

पावलं बंद झाली नाहीत.

ती आता टीव्हीतून येत नव्हती. ती दाराबाहेरून येत होती, खालून. जाड बूट, दम खात. पहिल्या वळणाला फरशी बोलली, टक. ती फरशी आता कुठल्या सिनेमातली नव्हती. मग शांतता, आणि काहीतरी उतरवून बाजूला ठेवल्याचा आवाज. मग टाचा, एक एक पायरी, कठड्याला धरून. दुसऱ्या मजल्यावर टाचाही थांबल्या. तिने मनाला समजावलं, की कुणी पाहुणी असेल, चुकलेली असेल, परत जाईल. बराच वेळ काहीच वाजलं नाही.

मग वाजले ते नुसते तळवे. फरशीला चिकटायचे आणि सुटायचे. एवढा हलका आवाज तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नसता.

"अनवाणी आहे गं," सासूबाई म्हणाल्या.

तळवे दारापाशी आले आणि थांबले. दाराखालच्या फटीतून जिन्यावरचा उजेड आत यायचा, त्यात आता दोन काळे पट्टे होते. तेव्हा तिला आठवलं की दाराला कडी लावलेली नाही. नुसतं ढकललं की उघडेल. पण कुणी ढकलत नव्हतं. बाहेर उभं राहून वाट बघणं चाललं होतं, आणि ती उठली. कारण भीती एका बाजूला आणि त्याला एकदा डोळे भरून बघणं दुसऱ्या बाजूला, यात दुसरंच जड होतं. तिने हात पुढे केला.

तो हात सासूबाईंनी धरला. त्या आपल्या आपण खुर्चीतून उठून दारापाशी आल्या होत्या, गेलेल्या गुडघ्यांवर. दाराला एक साखळी होती, वीतभर फटीपुरतंच दार उघडू देणारी. ती त्यांनी अडकवली.

"थांब पोरी. आत घेऊन ठेवायचं कुठं त्याला?"

ती रडायला लागली. ती म्हणाली की एकदाच, आई, फक्त एकदाच. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला त्याच्या चपला द्यायला सांगितल्या. इतक्या पायऱ्या अनवाणी चालून आलाय, म्हणाल्या, परत तसाच कसा पाठवू?

साखळी ताठ होईपर्यंत दार उघडलं. जिन्यावरचा गारवा आत आला, आणि त्याबरोबर खडीच्या धुळीचा वास, तो स्टुडिओतून घरी यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना यायचा तोच. ती जमिनीवर बसली आणि चपला एकेक करून फटीतून बाहेर सरकवल्या. तेव्हा तिला एक पाऊल दिसलं. धुळीने भुरकट झालेलं, आणि अंगठ्याचं नख काळं. लोखंडी पत्रा पायावर पडला होता तेव्हापासून ते तसंच होतं. रात्री तेल लावून द्यायची ती त्याला. पाऊल हळूच चपलेत शिरलं. मग दुसरं पुढे आलं, आणि तिची नजर तिकडे वळायला लागली.

"बघू नकोस," सासूबाई म्हणाल्या. त्या उभ्या होत्या, त्यांना फटीतून वरचं दिसत होतं. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी पुढे कधीही सांगितलं नाही. तिने डोळे मिटून घेतले.

मग सासूबाई त्या फटीशी तोंड नेऊन, तो लहान असताना बोलत असतील तशा बोलल्या.

"माझंच चुकलं रे बाळा. तू जातो म्हणाला होतास, मीच तुला मागे बोलावलं. शब्दाला जागतोस, ते मला ठाऊक आहे. पण दमलास आता. जातो म्हण."

बाहेर काही हाललं नाही. खाली कुठेतरी नळ टपकत होता. मग चपला वाजल्या, त्याच्या, उजवी जरा फरफटणारी. त्या वळल्या आणि जिना उतरू लागल्या. दुसरा मजला, मग वळण, टक. मग काही नाही.

सासूबाईंनी दार लावलं आणि खुर्चीत बसल्या. "म्हणाला का गं?" त्यांनी विचारलं. "मला नाही ऐकू आलं."

तिनेही काही ऐकलं नव्हतं. साऱ्या ऑफिसात जिच्या कानांची शपथ घेत, तिने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा न ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगितलं.

"हो आई. म्हणाला."

सासूबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, भूक लागलीय, काहीतरी दे. आणि संध्याकाळी ताटातलं सगळं संपवलं.

६

सोमवारी ऑफिसात गेल्यावर तिने आधी प्रत जागेवर ठेवली, मग पुन्हा काढली. साहेब दोनदा काचेतून डोकावून गेले. तिने शेवटचा जिना लावला. हेर तरातरा चढला. संगीत होतं, व्हायोलिनं होती, त्यांच्या खाली काही नव्हतं. काका म्हणाले होते तसंच, सरळ रेघ. तिला हायसं वाटलं, आणि त्याच श्वासात वाईटही.

संगीत संपलं. पडदा काळा झाला. नावं सुरू होण्याआधी तिथे अगदी थोडीशी शांतता असते, ती ऐकायचं तिचं काम असतं, म्हणून ती ऐकत होती.

तो सिनेमात कधीच बोलला नव्हता. इतक्या सिनेमांत, इतक्या माणसांसाठी चालला, पण त्याचा आवाज कुठल्याच पडद्यावर नव्हता. म्हणून आधी तिला कळलंच नाही, की हे कोण बोललं. धाप लागलेली होती आणि धापेत हसू होतं.

"येतो गं."

जाणारा माणूस दुसरं काय म्हणतो? निरोप घ्यायला आपल्याकडे हाच तर शब्द आहे, आईने तिन्ही मजले चढायला लावून शिकवलेला. आणि येणारा माणूसही हेच म्हणतो. ती तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकत राहिली, पण यातलं कुठलं, ते तिच्या कानांनाही सांगता येईना.

साहेब दार उघडून आत आले. किती वेळ लावशील, दोष असेल तर दोष सांग, नाहीतर मोकळी कर, असं म्हणाले. "काय करू? जाऊ दे का बाजारात?"

"जाऊ द्या," ती म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दाराशेजारी खुर्ची नव्हती. सासूबाईंनी ती ढकलत ढकलत खिडकीपाशी नेली होती आणि स्वतः पलंगावर आडव्या झाल्या होत्या, कितीतरी महिन्यांनी. पलंग दारापासून चार हातांवर. घोडीवरची चपलांची जागा रिकामी होती, आणि तिथली धूळही पुसलेली होती. सासूबाईंनी पडल्या पडल्या तिला सांगितलं की आता कडी लावत जा गं, तो गेला सुखाने. आवाज येऊ दे, म्हणजे मला झोप लागेल.

ती दारापाशी गेली. कडीला हात घातला. नवऱ्याने तिला एकदा शिकवलं होतं की खरी वस्तू वाजवायची गरज नसते, ऐकणाऱ्याला खरी वाटली की झालं. तिने कडी वर उचलली आणि लाकडावर जोरात आपटली. खाड. मग आवाज न करता ती पुन्हा खाली सोडून दिली, आणि दार होतं तसं नुसतं लोटलेलं राहू दिलं.

"लावलीस?" सासूबाईंनी झोपाळलेल्या आवाजात विचारलं.

"लावली, आई."

"आता घर मिटलं," त्या म्हणाल्या, आणि कूस वळवली.